पडद्यावर पिवळी वीज दिसली की आधी अडॅप्टर बघा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर लिब्रेएलेक (टीव्हीवर पिक्चर बघण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, त्यातलं कोडी हे प्लेअर सुरू झालं, पण पिक्चर अडकतोय आणि टीव्हीच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतंय? मेमरी कार्डवर सिस्टीम पुन्हा टाकत (फ्लॅश करत) बसू नका. बोर्डाला मिळणारं व्होल्टेज साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ते चिन्ह येतं आणि प्रोसेसर मंदावतो. मोबाईलच्या चार्जरवर ‘३ अँपिअर’ छापलेलं असलं, तरी लांब, बारीक केबलमध्येच व्होल्टेज गळतं. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, वायर कायमची जोडलेला अडॅप्टर घ्या. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. त्यामुळे पोर्टेबल हार्डडिस्क वेगळा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर (जादा पोर्ट देणाऱ्या डबीवर) लावलेली बरी.

चित्रच येत नसेल तर एचडीएमआयची वायर पॉवरची वायर लागते त्याच्या शेजारच्या पोर्टात घाला. बऱ्याचदा तक्रार इथंच मिटते.

कोल्हापुरात पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि नेमकं कार्डवर डेटा लिहिला जात असताना वीज गेली की कार्ड बिघडू शकतं. अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस थेट जोडू नका, बोर्ड जळेल. लिब्रेएलेकच्या सेटिंगमधून बॅकअप काढून पेनड्राइव्हवर ठेवा.