भंगारातला स्टीमपंक: आधी सगळं काळं करा

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या यंत्रांसारखी दिसणारी कलाशैली. त्या धाटणीचं उठावाचं चित्र करायला ६ × ६ इंचांचा छोटा कॅनव्हास घ्या आणि डब्यात साठलेलं बाहेर काढा: बंद घड्याळाची चाकं, वॉशर, तुटकी झिप, लेसचा तुकडा, खोक्याचा नालीदार पुठ्ठा. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या नाल्या पत्र्यासारख्या दिसतात. कॅनव्हास वजनाने झोळ खाऊ नये म्हणून मागून फ्रेमच्या आत जाड पुठ्ठा बसवा. कागद-कापडाला फेविकॉल पुरतो. धातूला मात्र तो नीट धरत नाही, तिथे दोन ट्यूबवालं इपॉक्सीच हवं. मोठी चाकं एका कोपऱ्याकडे दाटीने लावा, बाकी जागा मोकळी राहू द्या. सगळीकडे सारखं पसरलं की दुकानातला ट्रे वाटतो.

रात्रभर वाळल्यावर सगळ्यावर काळा जेसो (रंगाआधी द्यायचं अस्तर) फासा, खाचाखोचांतही. छान पितळी चाक काळं करायला जिवावर येतं, पण प्लास्टिकचं बटण आणि खरं लोखंड एकाच यंत्राचे भाग वाटतात ते यामुळेच. मग बोटाच्या टोकावर तांब्याचा किंवा सोनेरी अॅक्रिलिक रंग अगदी कणभर घेऊन फक्त उंचवट्यांवरून फिरवा. गंजासाठी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात चिमूटभर खायचा सोडा मिसळून ठिपके द्या. तांब्यावरच्या हिरवट कळकासाठी फिरोजी रंग पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा लगेच पुसा.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या मात्र वापरू नका, खरवडू तर नकाच. त्यात रेडियम असू शकतं.