फुलांच्या चहाचा रंग आणि वास कुठे हरवतो? या चुका टाळा

फुलांचा चहा बिघडला की दोष फुलांवर येतो, पण सोलापुरात मी आधी पाण्याकडे पाहण्याचा सल्ला देईन. येथील अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरले जाते आणि ते उकळले की भांड्याला पांढरा थर धरतो, शिवाय पाण्यातील अल्कधर्मीपणाही वाढतो. गोकर्ण, जास्वंद आणि लाल अंबाडी यांना रंग देणारे अँथोसायनिन आम्लात लालसर, तर अल्कधर्मी पाण्यात निळसर-हिरवट दिसते. त्यामुळे जास्वंदीचा चहा मळकट जांभळा किंवा गोकर्णाचा हिरवट झाला, तर फुले जुनी झाली असे समजून ती फेकून देऊ नयेत. आरओचे पाणी वापरावे आणि तयार कपात लिंबाचे चार थेंब पिळून पाहावेत; जास्वंदीचा लाल रंग खुलतो आणि गोकर्ण निळ्याचे जांभळे होते.

दुसरी चूक नेहमीच्या चहाच्या सवयीतून होते. पाकळ्या पाण्यात खळखळ उकळल्या की सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे तुरटपणा राहतो. पाणी उकळून गॅस बंद करावा, दोन मिनिटे थांबून एका कपाला एक चमचा सुक्या पाकळ्या घालाव्यात आणि झाकण ठेवून पाच ते सात मिनिटांनी गाळावे. झाकण विसरू नये, कारण गुलाबाचा सगळा गोडवा त्या वाफेतच असतो. लाल अंबाडीची बोंडे आंबट असल्यामुळे त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, आणि त्या चहात दूध तर अजिबात घालू नये, ते फाटते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा गच्चीवर फुले पटकन वाळतील असा मोह होतो. पण थेट उन्हात रंग उडतो आणि वासही जातो. आपली हवा इतकी कोरडी असते की सावलीत, पातळ सुती कापडावर पसरलेल्या पाकळ्या दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतात. पाकळी मोडताना कट्कन आवाज आला, तरच ती बरणीत भरावी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते.

सर्वांत गंभीर चूक फुले निवडताना होते. हारासाठी विकल्या जाणाऱ्या शेवंती-गुलाबावर औषधफवारणी झालेली असू शकते, म्हणून ती फुले चहात घालू नयेत. घरच्या कुंडीतील किंवा खाण्यासाठीच विकली जाणारी फुले घ्यावीत. कण्हेर आणि पिवळी बिट्टी अंगणात कितीही शोभून दिसली, तरी दोन्ही विषारी आहेत आणि उकळल्याने त्यांचे विष जात नाही. लाल अंबाडीने रक्तदाब उतरू शकतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा चहा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.