हिवाळ्यात मन उदास होतं? तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करा

दिवाळी सरते, पोरं पुण्या-मुंबईला परततात, फौजेतल्यांची सुट्टी संपते आणि साताऱ्यातली कितीतरी घरं एकदम गप्प होतात. त्याच सुमारास दिवसही आखडतो. नोव्हेंबरअखेर सहाच्या आत सूर्य मावळतो, जानेवारीत सातनंतर उगवतो. काहींना याच दिवसांत अंथरूण सोडवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, ओळखीच्यांचा फोनही नकोसा होतो. घरचे म्हणतात, थंडीचा आळस आहे. पण दरवर्षी ठरावीक महिन्यांत हे होत असेल, तर आळस म्हणून सोडून देऊ नका. या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं सविस्तर वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दूर उत्तरेकडच्या देशांत ते जास्त आढळतं. आपल्याकडे डिसेंबरातही जवळपास अकरा तास दिवस असतो. ऊन भरपूर आहे, आपणच दारं-खिडक्या लावून आत बसतो.

म्हणून सगळ्यात आधी सकाळचा उजेड. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर शरीराचं घड्याळ लागतं, त्यावर झोप आणि मनःस्थिती बरीचशी अवलंबून असते. ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड मिळतो, बाहेर मात्र ढगाळ असलं तरी काही हजार. उठल्यावर तासाभरात, सूर्य वर आला की अर्धा तास बाहेर काढा. अजिंक्यताऱ्याची चढण झेपत असेल तर उत्तम, नाहीतर ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकापर्यंत जा. तेही जमत नसेल, तर चहाचा कप घेऊन गच्चीवर बसा. सूर्याकडे थेट बघायचं नाही. डब्यांच्या घाईत बायकांना हे जमत नाही, हे खरं आहे. मग पावट्याच्या शेंगा सोलायच्या असतील, तर परात उचलून सरळ उन्हात न्या. वयस्कर माणसांची खुर्ची उत्तरेच्या खोलीत असेल तर हलवा; हिवाळ्यात त्या बाजूने थेट ऊन येतच नाही.

दुसरं काम माणसांचं, आणि मला ते उन्हाइतकंच मोलाचं वाटतं. मन खचल्यावर माणूस आपणहून कुणाकडे जात नाही, म्हणून बरं वाटत असतानाच वार ठरवून ठेवा. मंगळवारी भजन, शनिवारी मैत्रिणीसोबत बाजार, रविवारी रात्री मुलाचा फोन. "या कधीतरी" नको, "गुरुवारी पाचला येतो" असं सांगा.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका. थंडी पळवायला म्हणून घेतलेली दारू झोप मोडते आणि उदासी वाढवते.

एक तपासणीही करून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व यांत बिघाड असला तरी असाच थकवा येतो. बाजारात या उदासीवर १०,००० लक्सचे खास दिवे मिळतात, पण डोळ्यांचा आजार असेल किंवा कधी मन अतिउत्तेजित होण्याचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. आधीपासून चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

दोन आठवडे बहुतेक रोज उदास वाटलं, कामं अडू लागली, जेवण-झोप बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. घरच्यांनी "आळस झटक" म्हणू नये, सोबत जावं. हा त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो, कधी ओसरतो, हे कागदावर लिहून न्या; डॉक्टरांना निदानाला त्याची फार मदत होते. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर विषय टाळू नका. स्पष्ट विचारा, त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.