क्लबची जेटी श्रमदानाने सांभाळायचीय? आधी तिथी बघा

पहिल्या वर्षी आम्ही आमच्या बोट क्लबच्या जेटीच्या दुरुस्तीसाठी श्रमदान ठेवलं रविवारी सकाळी साडेदहाला. ग्रुपवर मेसेज झकास, तीसेक माणसं आली, पन्नास वडापाव आले, आणि जेटीवर जाऊन बघतो तर पाणी जवळजवळ फळ्यांना टेकलेलं. पौर्णिमा होती. ज्या खांबांची कालवं खरवडायची होती आणि जे बोल्ट बदलायचे होते ते सगळं दोन पुरुष खोल पाण्याखाली. मग काय, वडापाव खाल्ले, फोटो काढले, घरी गेलो. तारीख मीच ठरवली होती त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती. शेजारच्या कोळीवाड्यातले एक काका होडीत बसून जाळं शिवत होते, ते एवढंच म्हणाले, "पुनवेला दुपारी सुकती कधी बघितलीस का रे?" सुकती म्हणजे ओहोटी.

तर पहिली गोष्ट ही. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे. दर महिन्याला हेच. जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला आठ पाऊणे सहा म्हणजे सहा वाजता. प्रत्यक्षात अर्धा-एक तास पुढे धरा, आणि नक्की आकड्यासाठी भरती-ओहोटीचं टेबल बघाच, पण कालनिर्णयसमोर उभं राहून अंदाज घ्यायला हे पुरतं. आता अष्टमीला ओहोटी दुपारी येते म्हणून लोक खूश होतात, पण ती भांगाची ओहोटी, पाणी फारसं उतरतच नाही. जेटीच्या पोटाखालचं काम करायचं तर उधाणाचीच, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सुकती हवी. मला विचाराल तर सगळ्यात चांगला दिवस द्वितीया किंवा तृतीया, कारण उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सरकून सकाळी साडेसात-आठला आलेली असते, म्हणजे विरार-कल्याणवरून येणाऱ्यालाही पहिली लोकल पकडून पोचता येतं. असा रविवार वर्षात मोजकाच मिळतो, म्हणून जानेवारीतच सगळे शोधून कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढंच काम. त्यानंतर पाणी हळूहळू येईल असं वाटतं पण तसं येत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास अर्धं पाणी चढतं, आणि आपल्याकडे उधाणाला चढउतार चार मीटरच्या घरात असतो, म्हणजे त्या वेळी तासाला एक मीटर. जेटीखाली चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेल्या माणसाला हे फार लवकर समजतं. म्हणून एक माणूस वर नुसता उभा, त्याच्या हातात ब्रश नाही, फोन नाही, फक्त घड्याळ आणि शिट्टी. हे काम कुणालाच नको असतं, आम्ही ते क्लबच्या सगळ्यात खडूस मेंबरला देतो आणि तो ते उत्तम करतो. आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी.

आता काम. सगळ्यात आधी मूरिंग, म्हणजे बोट जागेवर धरून ठेवणारी चेन-दोरी, कारण रंग उडाला तर बोट वाहून जात नाही, शॅकल (चेन जोडणारा पिनवाला यू-आकाराचा जोड) सुटला तर जाते. चेन वर ओढा, चिखल धुवा आणि कडी कडीला जिथे घासते तिथली जाडी कॅलिपरने मोजा, मधली नाही. मधे कडी नव्यासारखी दिसते आणि टोकाला खाऊन निम्मी झालेली असते. 10 मिमीची कडी 8 वर आली की आम्ही चर्चा न करता बदलतो. चेनचा तळावर आपटणारा भाग सगळ्यात आधी जातो, तिथे जास्त बघा. शॅकलची पिन घट्ट केली म्हणजे झालं असं समजू नका, लाटांनी ती थोडी थोडी फिरत सैल होते, म्हणून पिनच्या भोकातून तार घालून शॅकलला पीळ देऊन बांधायची. आणि गॅल्वनाइज्ड चेनला स्टेनलेसचा शॅकल लावू नका, खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो, म्हणजे तुमचा चकचकीत शॅकल तसाच राहणार आणि चेन खलास. सिंकरसाठी, म्हणजे चेनच्या टोकाला तळाशी टाकायच्या वजनासाठी, जड लोखंड दारूखान्यात (मुंबईतला जहाजांच्या भंगाराचा बाजार) भंगारातून आणा, काही हरकत नाही, पण शॅकल आणि चेन नवीनच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

दोऱ्या जिथे क्लीटवरून (दोरी बांधायचा दोन शिंगांचा खुंटा) किंवा काठावरून वळतात तिथे हात फिरवून बघा, केसाळ लागली की ती जागा खाल्ली जातेय. बागेच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून तिथे चढवला की दोरी बराच काळ जास्त टिकते, खर्च शून्य.

तरंगत्या पाँटूनच्या खाली बार्नेकल आणि कालवं एवढी चढतात की एक बाजू खाली बसायला लागते आणि लोकांना वाटतं पाणी शिरलंय. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी खुरप्याने प्लॅस्टिकला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी त्याच ओरखड्यात जास्त चिकटतं. हातमोजे जाड घ्या, ते निळे पातळवाले नकोत. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि बंदराचं पाणी काय पाणी असतं ते तुम्हाला माहीतच आहे, एवढंसं कापलं तरी लगेच वर या, गोड्या पाण्याने धुवा, बीटाडीन लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवा.

फळ्यांचे खिळे वर आले की ठोकून परत बसवू नका, ते पुन्हा येतातच. काढा आणि स्क्रू किंवा आरपार बोल्ट लावा. लाकडाला जळकं ऑइल फासायची जुनी सवय आहे, ते सगळं पहिल्या पावसात समुद्रात जातं, बंद करा. स्लिपवरचं (बोटी पाण्यात सोडायच्या उतारावरचं) शेवाळ काढायला अ‍ॅसिड किंवा ब्लीचिंग पण नको, पाणी उतरत जाईल तसं मागे मागे जात जाड वाळू टाकून खराट्याने घासा, बुटावरून जुने मोजे चढवले की पाय कमी घसरतो. दिसायला विनोदी दिसतं, चालतं.

काही कामं हौशी माणसांनी करायचीच नाहीत. जेटीवरची वीज त्यातली पहिली, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. डायव्हिंग दुसरं. तिसरं म्हणजे कांदळवन. खाडीकडे ज्यांचे धक्के आहेत त्यांना मधे आलेली एखादी फांदी छाटायचा मोह होतो, करू नका, हायकोर्टाने 2018 मध्ये राज्यभर तोडीवर बंदी घातलीय आणि ती योग्यच आहे. आहे ते दुरुस्त करणं वेगळं, धक्का दोन फूट वाढवणं वेगळं, वाढवायचं म्हटलं की सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी आली.

माणसांचं बोलू. "रविवारी श्रमदान, सर्वांनी यावे" या मेसेजवर चाळीस अंगठे येतात आणि अठरा माणसं. तेच जर लिहिलं, "पाटीलकाका, तुमच्याकडे गँगवेचे चार बोल्ट, 19चा पाना घेऊन या", तर काका सव्वासातला हजर, सोबत जावई. (गँगवे म्हणजे जेटीवरून पाँटूनवर उतरायचा छोटा पूल.) काम छोटं, नावानिशी आणि एका सकाळीत संपणारं हवं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सावलीत दोऱ्यांचे स्प्लाइस, म्हणजे पेड एकमेकांत विणून केलेले जोड, करायला बसवा, हे काम त्यांनाच येतं, आणि कॉलेजच्या पोरांना त्यांच्या शेजारी बसवा नाहीतर पाच वर्षांनी कुणालाच येणार नाही. लहान मुलं प्लॅस्टिक वेचतात आणि मोजतात, मोजायला फार आवडतं त्यांना. वडापाव काम झाल्यावर, आधी नाही. कोळीवाड्यातल्या माणसाकडून चेन उचलायला होडी घेतली तर त्याचे पैसे द्या, समुद्र आपला छंद आहे, त्याचा धंदा आहे.

वर्षाचं गणित साधं आहे. मेच्या शेवटापर्यंत बोटी वर काढून उलट्या करून बांधायच्या आणि गँगवे सोडवून ठेवायचा. जून ते सप्टेंबर पाण्यात कुणी उतरायचं नाही, फक्त महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी जाऊन सगळ्या गाठी बघायच्या आणि दोऱ्यांना चढउताराएवढी ढील आहे ना ते बघायचं, आखूड बांधलेली दोरी पाणी चढलं की क्लीट उपटते. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ वाहतात, आपण त्या दिवशी यादी करायला बसतो. विसर्जनानंतर पाट, निर्माल्य, कापडं मूरिंगच्या दोऱ्यांत अडकलेली असतात, ती हाताने सोडवून वेगळी ठेवा, कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नका, त्यावरून आमच्याकडे एकदा चांगलंच वाजलं होतं. मोठं श्रमदान ऑक्टोबरात, दुसरं मार्चमध्ये, झालं.

शेवटची वीस मिनिटं हत्यारांची. गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, तेलाचा हात, आणि मोजून पेटीत, कारण दर वेळी एक पाना चिखलात राहतोच. मग वही. आमची वही दोनशे पानी साधी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दारामागच्या खिळ्याला. मागच्या वेळची नोंद अशी आहे: "मूरिंग 3, वरची कडी 8.5, पुढच्या वेळी बदलणे. तार नवी. 13चा पाना गेला."