डायनामो बदलण्याआधी: जुन्या जीपचं मधूनच जाणारं चार्जिंग कसं पकडावं

जुन्या जीपचं चार्जिंग मधूनच जातं, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलात की पुढचं नाटक ठरलेलं असतं. इलेक्ट्रिशियन बॉनेट उघडतो, बॅटरीला मीटर लावतो, "चौदा पॉइंट दोन, एकदम ओके साहेब" म्हणतो आणि तुम्हाला परत पाठवतो. दोन दिवसांनी तुम्ही ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला धक्का मारायला माणसं शोधत असता. तिसऱ्यांदा गेलात की तो कंटाळून "डायनामो गेला" असं जाहीर करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात, तर मीही दोन्ही शब्द वापरणार आहे.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०, डिझेल. पावसाळ्यात माळशेजहून परतताना वायपर मंदावला, दिवे पिवळे पडले, ठाण्यात शिरेपर्यंत हॉर्नचा आवाज बकरीसारखा झाला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी नवी बॅटरी घेतली, डायनामो एकदा भरून घेतला (आतलं वाइंडिंग नवं केलं), रेग्युलेटर (डायनामोचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बदलला. बिघाड जिथल्या तिथे. शेवटी सापडला तो एका मळकट पट्टीत, जिच्याकडे मीही पाहिलं नव्हतं आणि पैसे घेणाऱ्या तिघांनीही नाही. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतल्या ओळखीपाळखीच्या बऱ्याच जीपा आणि जिप्सी तपासल्या. खाडीची हवा, चार महिने पाऊस आणि चिखलात घालायची हौस, यामुळे आपल्याकडच्या गाड्यांत डायनामोपेक्षा जोड आधी सडतात, हे माझं आता पक्कं मत आहे.

बॅटरीचे टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत, पाणी बघितलंय, मल्टीमीटर हाताशी आहे, एवढं धरून चालतो. डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा आणि पावसात किंचाळू नये. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, तर ती आधी बाहेर चार्ज करून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या चाचण्या फसव्या असतात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या मध्ये कुठेही असेल तर ठीक. १५ दाखवत असेल तर हा लेख बाजूला ठेवा, तुमचा रेग्युलेटर गेलाय.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर हेडलाइट, वायपर लावून आयडलवर उभे असाल आणि मीटर १३ च्या खाली आला, तर तो बिघाड असेलच असं नाही. जुना डायनामो आयडलला तेवढा करंट देतच नाही. त्यात वर १००-१०० वॅटचे दोन दिवे लावले असतील तर तेच १६-१७ अँपियर खातात. आधी तो हिशेब करा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, "गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो चांगला". ही चाचणी वडीलधारे मिस्त्री अजून छातीठोकपणे करतात. बॅटरी सुटली की डायनामोचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि डायोड (डायनामोतली एसी वीज डीसी करणारा भाग) किंवा रेग्युलेटर जातो. म्हणजे नसलेला बिघाड तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलात. माझ्यासमोर कोणी त्या वायरला हात लावला तर मी चावी काढून घेतो.

दिव्याची भाषा

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर पेटलाच पाहिजे. त्या दिव्यातून जाणाऱ्या करंटवरच डायनामो जागा होतो. बल्ब उडाला असेल तर इंजिन चांगलं रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, आणि मालकाला वाटतं मधूनच जातंय. हौसेने तिथे एलईडी बसवणाऱ्यांची तर वेगळी जमात आहे. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. साधा बल्ब परत लावा.

आता महत्त्वाचं. गाडी चालू असताना दिवा मंद, विझल्या निखाऱ्यासारखा दिसत असेल, तर डायनामो आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये कुठेतरी अडथळा आहे किंवा आतला एखादा डायोड कमजोर आहे. पण दिवा पूर्ण विझलेला आणि तरीही बॅटरी उपाशी, असं असेल तर अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडच्या परतीच्या वाटेवर, संशय घ्या. हा दिवा एका बाजूने बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या बाजूने डायनामोला जोडलेला असतो. बिघाड अर्थच्या बाजूला असला की दिव्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखाच राहतो, म्हणून तो पेटत नाही. माझ्या गाडीत आठ महिने हेच चाललं होतं. दिवा विझलेला म्हणजे सगळं ठीक, असं तिघांनी मला सांगितलं आणि मीही मान डोलावली.

खरी कसोटी: गाडी चालत असताना मोजणं

इथे सगळे फसतात, मीही फसलो. मधूनच होणारा बिघाड उभ्या गाडीत शोधायचा नसतो. गॅरेजमध्ये इंजिन थंड, जमीन सपाट, गाडी स्थिर, तिथे सगळं चांगलंच दिसणार. बिघाड ज्या परिस्थितीत होतो त्या परिस्थितीत मीटर लावलेला असला पाहिजे.

आणि बॅटरीवर १४ आहेत का, हा प्रश्नच अपुरा आहे. डायनामोने तयार केलेले व्होल्ट बॅटरीपर्यंत पोचतात का, वाटेत किती गळतात, हे बघायचं. डायनामोच्या जाड वायरच्या बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत एक वाट, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून डायनामोच्या अंगापर्यंत (धातूच्या कवचापर्यंत) परतीची दुसरी. मीटरचं एक टोक वाटेच्या सुरुवातीला, दुसरं शेवटाला लावलं की गळती थेट आकड्यात दिसते. इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास, हेडलाइट आणि वायपर चालू. पॉझिटिव्हच्या वाटेवर ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. ज्या जुन्या जीपांत सगळा करंट डॅशबोर्डवरच्या ॲम्पमीटरमधून फिरून येतो, तिथे थोडा जास्त येतो. अर्थच्या वाटेवर ०.२ च्या वर गेलं की मी पाना काढतो. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर घाबरू नका, पिना उलट्या लागल्यात एवढंच.

मीटरची पीन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर टेकवली तर खांब आणि क्लॅम्पमधला सडका जोड मोजणीतून सुटतो. मी एक अख्खा रविवार या चुकीत घालवलाय.

आता दोन लांब वायर घ्या, साधारण तीन-तीन मीटरच्या. एक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, एक डायनामोच्या अंगावरच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला. पंखा, पट्टा आणि सायलेन्सरपासून लांब, टाय मारून, बॉनेटच्या फटीतून केबिनमध्ये आणा आणि मीटर शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चालवणाऱ्याने मीटर बघायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण मी एकदा बघितलाय आणि रिक्षाच्या बंपरचे पैसे दिलेत. पॉझिटिव्हची वाट मोजताना दोन्ही वायरींच्या सुरुवातीलाच १ अँपियरचा फ्यूज टाका. त्या वायरी जिवंत असतात. कुठे घासून पत्र्याला लागल्या तर बॉनेटखाली होळी.

मी उपवनहून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर जातो. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून दुपारी. बेलापूरकरांना पारसिक हिलची चढण आहेच. त्याआधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवून इंजिन चांगलं तापवा, कारण काही रेग्युलेटर गरम झाल्यावरच रुसतात.

सपाटीवर माझा आकडा ०.१ होता. चढण सुरू झाली, दुसरा गिअर टाकला आणि पुतण्या ओरडला, "काका, एक पॉइंट नऊ!" उतारावर पाय सोडला की परत ०.१. पुन्हा चढ, पुन्हा १.९. डायनामो बिचारा आपले १४.३ देत होता आणि बॅटरीला मिळत होते १२.४. बेरीज करून बघा. हिशेब असा जुळला की समजायचं, चोर त्याच वाटेवर आहे.

कारण साधं होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थ पट्टीतून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तारांच्या पट्टीतून. चढावर जोर लागला की इंजिन माउंटिंगवर पिळतं. माझी पट्टी वरून शाबूत दिसत होती, पण लगच्या (टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या कडीच्या) तोंडाशी, स्लीव्हच्या आत, बहुतेक तारा तुटून हिरव्या पडलेल्या. सपाटीवर त्या एकमेकींना टेकत, इंजिन पिळलं की सुटत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे दिसणं शक्यच नव्हतं.

याच रोगाची एक खूण लक्षात ठेवा: स्टार्टर मारल्यावर ॲक्सिलरेटरची, स्पीडोमीटरची किंवा इंजिन बंद करायची केबल गरम लागते का बघा. पट्टी गेली की करंट मिळेल त्या केबलमधून वाट काढतो.

वाटेचे तुकडे

मोठा आकडा सापडला की वाट तुकड्यांत मोजा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते चॅसी, चॅसी ते इंजिन, इंजिन ते डायनामोचं अंग. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो तो तुकडा दोषी. शेवटच्या तुकड्यावर उडी असेल तर ब्रॅकेट बघा. हौशी लोक इंजिन रंगवतात तेव्हा ब्रॅकेटच्या बैठकीवरही रंग फासतात, आणि रंगातून वीज जात नाही. चढावर जाणं शक्य नसेल तर इंजिन चालू ठेवून सोबत्याला एकेक वायर लाकडी काठीने हलवायला सांगा आणि मीटरवर डोळे ठेवा. ही कमी प्रतीची चाचणी आहे, पण अजिबात न करण्यापेक्षा बरी. बाह्या वर, गळ्यातलं काढून.

दुरुस्ती

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. डायनामोचा जाड बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो. हातातलं कडं काढून ठेवा.

जुनी पट्टी साफ करून परत लावू नका. २५ चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल घ्या, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). पक्कडीने चेपलेला लग चालणार नाही, ज्याच्याकडे मोठं क्रिम्पिंग मशीन आहे त्याच्याकडून करून घ्या. जिथे बसणार तिथला रंग आणि गंज चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली चोपडा. आधी जेली, मग बोल्ट, असं नाही. इंजिन हलायला जागा राहील इतकी केबल सैल ठेवा, ताणून बसवलेली पुन्हा तुटणार. मी दुसरी एक पट्टी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट डायनामोच्या ब्रॅकेटला ओढतो. कंपनीने दिलेली नसली तरी ओढतो.

अर्थ ठीक निघाली तर

मग पॉझिटिव्हची वाट त्याच पद्धतीने, चालत्या गाडीत. तिथेही आकडे ठीक असतील तरच डायनामो उतरवा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीला लावा. ०.५ च्या वर दाखवला तर डायोड गेलाय. नाहीतर कार्बन ब्रश बघा. ५ मिलिमीटरहून आखूड असतील तर खडबडीत रस्त्यावर ते टेकायचं सोडतात. ज्या डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, तिथे पंपाचं सील गळून इंजिन ऑइल आत ब्रशवर येतं. असा डायनामो उघडला की आत काळा चिखल निघतो. नुसते ब्रश बदलून उपयोग नाही. सील बदलल्याशिवाय बिल देऊ नका.

सगळं झालं की त्याच चढणीवर, त्याच गिअरमध्ये, दिवे-वायपर लावून पुन्हा मोजा. माझा आकडा आता ०.०६ येतो. तो मी तारखेसकट बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलाय आणि दर जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजून त्याखाली नवा आकडा लिहितो. गेल्या वर्षी ०.१४ आला, तेव्हा चॅसीकडचा बोल्ट सोडून, खरवडून परत बसवला. वीस मिनिटं लागली.