पुरस्कार लागला, मग नोटीस आली

फोन आला तेव्हा मी दापोलीत हार्डवेअरच्या दुकानात तारेचा भाव करत होते. पलीकडची बाई इंग्रजीत अभिनंदन करायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, लोन नको," आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कळलं की आपल्या घराला पुरस्कार आहे. आपलं म्हणजे माझ्या क्लायंटचं, आबांचं घर, किनाऱ्यालगतच्या गावातलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याचं छप्पर उडालं होतं. ते दुरुस्त केलं, एवढंच वास्तुविशारद म्हणून माझं काम. अर्ज भरला होता शेवटच्या रात्री, मैत्रिणीनं मागे लागून, आणि नंतर मी तो विसरूनही गेले होते.

साईटवर गवंडीकाकांना सांगितलं, "काका, पुरस्कार लागला." ते म्हणाले, "लागला? म्हंजे तिकीट काढलं व्हतंस?" प्रवेशशुल्क भरलं होतं, तेव्हा काढलं होतं म्हणायला हरकत नाही.

हे लिहितेय ते बी. आर्क., म्हणजे वास्तुकलेची पदवी, संपवून गावाकडे परतलेल्यांसाठी. ड्रॉइंग कशी लावायची, फोटो कुठल्या उन्हात काढायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमतं. मी अडकले ती जागा वेगळी होती आणि त्याबद्दल कॉलेजात पाच वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आधी काम काय होतं ते थोडक्यात. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मधल्या कुठल्या तरी पिढीत बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. वादळानंतर आसपासच्या बहुतेक घरांवर पत्रे चढले. लोकांना नावं ठेवू नका. पाऊस दारात उभा होता आणि कौलं मिळत नव्हती. आबांनी ताडपत्रीखाली एक पावसाळा काढला, म्हणून आम्हाला वेळ मिळाला. शाबूत कौलं वेचली, कुजलेले वासे काढून किंजळाचे घातले. काका प्लास्टरवर हात फिरवून म्हणाले, "बाय, सिमेट ठेवलंस तर पानी आत अडकंल. मग जांभा रडंल." प्लास्टर उतरवलं, सांधे चुन्यात भरले. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाला १८०० च्या सुमारास हा दगड केरळात भेटला. तिथले लोक विटेसारखा कापून वापरतात हे पाहून त्यानं १८०७ च्या आपल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेवरून त्याचं नाव लॅटराइट ठेवलं. या दगडाला मोकळं राहू द्यावं लागतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात तर फारच.

छपराच्या कडेच्या दोन ओळी आम्ही तारेनं बांधल्या, कारण वारा तिथूनच आत शिरून कौलं उचलतो. परीक्षकांनी नेमकं हेच उचलून धरलं. ती कल्पना माझी नव्हती, काकांची होती. आणि अर्जात 'रचनाकार' या रकान्यात फक्त माझं नाव होतं. पहिली लाज इथे वाटली. दुसरी पुढे आहे.

आता खड्डा. नीट वाचा. कंटाळा आला तरी वाचा.

अर्जात एक चौकट होती: मालकाची संमती आहे. मी आबांना फोन केला, ते म्हणाले, "दे गो, त्यात काय विचारतेस." मी टिक केली. घरपट्टीच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, एकट्या आबांचं नाव होतं. मला वाटलं, झालं. पण नमुना ८ ही कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. मी ते वकिलाला पैसे देऊन शिकले.

घर आबांच्या आजोबांचं, वाटण्या न झालेलं, सामायिक. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग. त्यातले तीन वारलेले, एकाचीच वारसनोंद झालेली. आबा गावात राहतात, वादळात ते भिजले, पैसे त्यांनी घातले. दुरुस्तीला कुणीच हरकत घेतली नव्हती, उलट गणपतीला येऊन सगळे नव्या छपराखाली आरामात झोपले होते. पण निकालानंतर मासिकात चार पानं आली. देवघराचा फोटो, माजघराचा फोटो, चौरस फुटाचा खर्च आणि फोटोखाली आबांच्या नावापुढे 'घरमालक'. आबांच्या डोंबिवलीच्या चुलतभावानं ते वाचलं आणि विचारलं, आबा मालक कधी झाला?

तीन आठवड्यांत नोटीस. आबांना, प्रत मला. सामायिक मिळकतीचे फोटो कोणाच्या परवानगीनं छापले? खर्चाचा आकडा हिशेब म्हणून मान्य नाही. तिकडे आयोजकांनी 'खुलासा येईपर्यंत प्रमाणपत्र राखून ठेवत आहोत' असं कळवलं. सोहळा होऊन गेलेला, साडी नेसून फोटो काढलेले आणि घरात प्रमाणपत्राची रिकामी फ्रेम! आईनं ती आधीच करून आणली होती.

कोकणात हे मला ठाऊक नव्हतं का? आमच्या स्वतःच्या घरावर सात नावं आहेत. भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकतच वाढले. पण ड्रॉइंग बोर्डावर बसलं की आपल्याला क्लायंट म्हणजे एक माणूस दिसतो, कारण बिल एकाला करायचं असतं. तो एक माणूस पुष्कळदा फक्त गावात राहिलेला असतो, बाकीचे मुंबईत. त्यांची नावं उताऱ्यावर असतात आणि जीव त्या देवघरात असतो.

तेव्हा काम हातात घेतानाच सातबारा काढा. ऑनलाइन मिळतो, बसल्या जागी. कब्जेदारांची नावं वाचा, मयत कोण, वारसनोंद झालीय का ते फेरफारावरून, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीवरून, पाहा. घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, विचारा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन बऱ्याच गावांत त्या तयार झाल्यात. मग साध्या कागदावर लिहून घ्या: या घराचे फोटो, नकाशे छापायला आणि स्पर्धेला पाठवायला आमची हरकत नाही. खर्चाचा आकडा छापायचा की नाही हे वेगळ्या ओळीत. देवघराचा फोटो आणखी वेगळ्या ओळीत. आणि फोटोखालच्या मजकुरात 'मालक' लिहू नका, 'कुटुंब' लिहा. एका शब्दानं माझे चार महिने गेले.

घाबरू नका मात्र. आमचं मिटलं. गणपतीत मी स्वतः गेले, मोदक खाल्ले, ओटीवर बसून शिव्याही खाल्ल्या. डोंबिवलीच्या भाऊंना पैसे नको होते. "आमच्या आजोबांचं नाव कुठेच नाही," एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच कुठे नव्हतं. शुद्धिपत्रात आजोबांचं नाव गेलं आणि त्याच फटक्यात काकांचंही, 'गवंडी व छप्पर-रचना' म्हणून. आगा खान वास्तुकला पुरस्कार १९७७ पासून आहे आणि तिथे वास्तुविशारदाबरोबर कारागीर, मालक, अभियंते यांनाही मान दिला जातो. हे आपण परीक्षेत लिहितो. स्वतःचा अर्ज भरताना हात आखडतो.

आता इतर गोष्टी पटापट. फोटोग्राफरशी लेखी ठरवा, कुठे कुठे वापरायचे ते. पुरस्कार जाहीर झाल्यावर महिनाभर फोन येतात, "मॅडम, आपकी एंट्री सिलेक्ट हो गई है," आणि मग पॅकेज सांगतात: ट्रॉफी, स्टेजवर दोन मिनिटं, डिनर. विकत घेतलेला पुरस्कार म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करण्यासारखं. तो घेऊन कामं मिळालेलीही माणसं मी पाहिलीत, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणणारी मी कोण. पण माझ्याकडे शिकायला येणार असाल तर घेऊ नका.

गावात हितचिंतक फ्लेक्स लावतात. माझा एसटी स्टँडवर लागला होता, खाली फोन नंबरसकट. वास्तुविशारदांच्या व्यावसायिक वर्तनाचे १९८९ चे नियम जाहिरात करू देत नाहीत, अपवाद मोजके आहेत. मी रात्री भावाला घेऊन गेले आणि फ्लेक्स उतरवला. तो आता आबांच्या लाकडांवर झाकण म्हणून आहे.

आणि कामं वाढतील असं समजू नका. माझी कमी झाली! पडवी वाढवायची, न्हाणीघर बांधायचं, असली कामं घेऊन येणारे लोक म्हणाले, "आता तुम्ही कुठल्या परवडणार." चार महिने घरभाडं भावानं भरलं. तेव्हा एका ज्येष्ठ सरांना फोन केला होता. ते म्हणाले, बक्षिसासाठी काम करायचं नसतं. त्यांच्या केबिनमध्ये अशी पाच मांडलेली आहेत. सल्ला मागायचा तर दोन वर्षं पुढे असलेल्याला विचारा, तीस वर्षं पुढे असलेल्याला आपला खड्डा दिसत नाही. शेवटी मीच जुन्या लोकांकडे चहाला गेले आणि फी तीच आहे म्हणून सांगून आले. न्हाणीघर मिळालं.

मग अर्ज भरावा का? भरा. मला तर वाटतं, छोट्या कामाचाच भरा. लाजून, शेवटच्या रात्री, उगाच म्हणून भरू नका एवढंच, कारण घाईत टिक केलेल्या चौकटी नंतर वाचाव्या लागतात.

सध्या केळशीत एक घर चालू आहे. उताऱ्यावर आठ नावं. सहा जणं चतुर्थीला येणार आहेत, कागद माझ्या पिशवीत तयार आहे. सातवे दुबईला, त्यांनी सही करून फोटो पाठवलाय. आठव्या आत्या पुण्यात असतात, त्या म्हणतात, आधी न्हाणीघराचं दार पश्चिमेला का ते सांग. परवा जाऊन सांगणार आहे.