घरच्या कार्बनचा हिशेब: नागपूरकरांनी या चुका टाळाव्यात

आमच्या घरचा कार्बनचा, म्हणजे वर्षभराच्या वीज-इंधनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, पहिला हिशेब मी मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात मांडला होता. हाताशी नुकतेच आलेले 410 युनिटचे बिल होते. त्याला बाराने गुणले, वर कूलरची आणि एसीची वेगळी बेरीज केली आणि आमचे चौघांचे कुटुंब जणू एखादा छोटा कारखानाच चालवत असल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे वर्षभराची बिले समोर ठेवून तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. ओळखीच्या आणखी काही घरांत हा हिशेब करून देताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या.

एका महिन्याच्या बिलावरून वर्ष ठरवणे

नागपुरात ही चूक सर्वांत महाग पडते, कारण आपले वर्ष सपाट नसते. आमच्या घरी जानेवारीत 120 युनिट लागतात, मार्चमध्ये 190, एप्रिलमध्ये 340, मेमध्ये 410 आणि जूनमध्ये 330. पावसाळ्यात वापर पुन्हा दोनशेच्या खाली येतो. वर्षाची बेरीज 2485 युनिट भरली. मेच्या बिलाला बाराने गुणले असते तर 4920 आले असते आणि जानेवारीच्या बिलाला गुणले असते तर अवघे 1440. मार्च ते जून या चार महिन्यांत मिळून 1270 युनिट, म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून थोडे अधिक, खर्च होतात. त्यामुळे घरचे उत्सर्जन कमी करायचे असेल तर नजर या चार महिन्यांवर हवी. बाकीच्या आठ महिन्यांत दिवे विझवत फिरण्याने फारसे काही साधत नाही.

हिशेब रुपयांत करणे ही याच चुकीची धाकटी बहीण. बिलात स्थिर आकार, वहन आकार आणि विद्युत शुल्क मिसळलेले असते आणि वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून रक्कम दुप्पट झाली याचा अर्थ वीज दुप्पट वापरली असा होत नाही. चालू रीडिंग वजा मागील रीडिंग, एवढाच आकडा घ्यावा. घराला कुलूप असल्यामुळे किंवा मीटर बिघडल्यामुळे एखाद्या महिन्याचे बिल सरासरीने आले असेल, तर त्याच्या पुढचे खरे रीडिंग येईपर्यंत तो महिना सुटा वाचू नये. दोन्ही महिने एकत्र धरावेत.

कूलर, फ्रीज आणि पंप यांचे अंदाज वेगळे काढून ते एकूण युनिटांत मिळवणे ही निव्वळ दुबार मोजणी आहे. मीटरमधून जे गेले त्यात ते सगळे आलेलेच असते. उपकरणवार अंदाजाचा उपयोग कुठे कात्री लावायची हे ठरवण्यापुरता.

युनिटचे किलो करताना होणारी गफलत

कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्या शहराबाहेर पडताच दिसतात, म्हणून अनेक जण आपली वीज शंभर टक्के कोळशाची समजून एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. परंतु 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेकडील जाळे जोडले गेल्यापासून देशाचे वीजजाळे एकच आहे आणि त्यात जल, पवन, सौर व अणुवीजही मिसळते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2023-24 साठीचा देशव्यापी सरासरी गुणांक युनिटमागे 0.727 किलो आहे. घरगुती हिशेबाला तोच वापरावा. तो वीजनिर्मिती केंद्राच्या दारापर्यंतचा असल्यामुळे तारांमधील गळती त्यात येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. या गुणांकाने आमच्या 2485 युनिटांचे सुमारे 1800 किलो होतात.

स्वयंपाकाच्या 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण 42 किलो आणि एका लिटर पेट्रोलमागे साधारण 2.3 किलो धरावेत. डिझेलचा आकडा 2.7 च्या आसपास आहे. लिटरभर पेट्रोलचे वजनच पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल, अशी शंका पुष्कळांना येते आणि काही जण आकडा स्वतःच कमी करून टाकतात. जळताना इंधनातील कार्बन हवेतला प्राणवायू जोडून घेतो आणि वाढलेले वजन त्या प्राणवायूचे असते. याच कारणाने ‘कार्बन’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड’ हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. एक किलो कार्बनपासून सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून एका ओळीत एक आणि दुसऱ्या ओळीत दुसरा आकडा घेतला की सगळा हिशेब साडेतीन पटींनी हलतो.

गाडीच्या बाबतीत किलोमीटरला कंपनीने सांगितलेल्या मायलेजने भागू नये. वर्धमाननगर ते सीताबर्डी असा सिग्नलगणिक थांबत केलेला प्रवास त्या मायलेजला कधीच पोचत नाही. तीन महिने पंपावरच्या पावत्या जपून लिटर मोजावेत. आमच्या स्कूटरला आणि कारला मिळून वर्षाला 420 लिटर पेट्रोल लागते, म्हणजे सुमारे 970 किलो. नऊ सिलिंडरांचे सुमारे 380. सगळे मिळून वर्षाला सव्वातीन टनांच्या जरा आत.

एसीतला गॅस हिशेबाबाहेर ठेवणे

या यादीत सर्वाधिक दुर्लक्षित बाब ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. आमच्या एसीला सलग तीन उन्हाळे गॅस भरावा लागला. दर वर्षी मिस्त्री येई, सिलिंडर जोडी, थंडावा परत येई आणि आम्ही समाधानाने पैसे देत असू. एसीतला गॅस ही स्कूटरच्या पेट्रोलसारखी संपणारी वस्तू नव्हे. बंद नळ्यांत तो वर्षानुवर्षे फिरत राहायला हवा. तो कमी झाला याचा एकच अर्थ, तो कुठून तरी निसटला.

निसटून तो हवेत जातो आणि तिथे त्याचे मोल भारी आहे. नव्या एसींतल्या आर-32 या वायूची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, शंभर वर्षांच्या मापाने, कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट आहे, तर काही जुन्या एसींतल्या आर-410ए ची 2088 पट. एक किलो आर-32 निसटला तर ते सुमारे 930 युनिट वीज जाळल्याच्या बरोबरीचे होते. आमच्या घरच्या एप्रिल, मे आणि जूनच्या एकत्रित विजेच्या हे जवळपास सहा सप्तमांश आहे. आर-410ए असेल तर एक किलोमागे वर्षभराच्या विजेहूनही अधिक.

चौथ्या वर्षी दुसऱ्या मिस्त्र्याने गॅस भरण्याआधी बाहेरच्या युनिटच्या जोडांवर भांडी घासायच्या साबणाचा फेस लावला. पितळी नटाजवळ, तांब्याच्या नळीचे तोंड फुलवून बसवलेले असते तिथे, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले. नळीचे तोंड तडकले होते. त्याने ते कापून नव्याने फुलवले, नायट्रोजनचा दाब देऊन जोड तपासला, पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेतली आणि मगच वजन करून गॅस भरला. त्यानंतर पुन्हा गॅस भरण्याची वेळ आलेली नाही. म्हणून मिस्त्र्याला ‘गॅस भरून द्या’ असे न सांगता ‘आधी गळती शोधा’ असे सांगावे, किती ग्रॅम भरला ते पावतीवर लिहून घ्यावे आणि एसी काढून दुसरीकडे बसवताना आतला गॅस हवेत सोडू देऊ नये. तो बाहेरच्या युनिटमध्ये ओढून साठवता येतो.

कूलर आणि एसी एकाच खोलीत

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आपला डेझर्ट कूलर हे फार गुणी यंत्र आहे. मोटर आणि पंप मिळून तो साधारण दोनशे वॅट घेतो, तर दीड टनाचा एसी चालू असताना त्याच्या सहा-सात पट घेतो. तरीही कूलर नीट चालत नाही ही तक्रार घरोघरी असते आणि बहुतेक वेळा कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाची बंद खिडकी हेच निघते. कूलर बाष्प सोडतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवल्यावर फरक लगेच जाणवतो. तेवढ्याने भागले नाही तर ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले ओले पडदे, पाहाव्यात. बोअरच्या जड पाण्याने वाळ्यावर किंवा वुडवूलवर पांढरा थर जमला की हवा आत शिरत नाही. ताट्या दर मोसमाला बदलाव्यात आणि टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकावे.

मृगाचा पाऊस पडला की हवा दमट होते आणि कूलरचा थंडावा संपतो. तेव्हा पुष्कळ घरांत कूलर चालू ठेवूनच एसी लावतात. कूलरने खोलीत पाणी भरायचे आणि एसीने तेच पिळून बाहेर टाकायचे, असा हा खेळ आहे आणि त्याचे बिल आपण भरतो. दोघांपैकी एकच चालवावा. एसी 24 ते 26 अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावला तर 18 अंशांचा हट्ट बहुतेकांना सोडता येतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याआधी गच्चीवर चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात मारावा. तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असतो, त्यामुळे पंखाही ऊनच वारा खाली ढकलतो.

विजेची शेगडी म्हणजे आपोआप स्वच्छ, हा समज

एका सिलिंडरातली उष्णता सुमारे 180 युनिटांएवढी असते. गॅसच्या शेगडीत वाया जाणारा भाग वजा केला, तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण 120 ते 135 युनिट लागतील आणि जाळ्यातल्या विजेने त्यांचे 87 ते 98 किलो होतील. सिलिंडरचे 42 किलो. इंधन घरापर्यंत पोचेपर्यंतचे उत्सर्जन दोन्हीकडे सोडून दिलेले असले, तरी आजच्या विजेवर इंडक्शनने उत्सर्जन घटत नाही, वाढते. गच्चीवर सौरपट असतील आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर हे चित्र पालटते. तोवर डाळ भिजत घालणे आणि कुकरची शिटी झाल्यावर आच मंद करणे अधिक फायद्याचे.

सौर बिल शून्य, म्हणून वापर शून्य

नेट मीटरिंगच्या बिलावर दिसते ते आयात (जाळ्यातून घेतलेली वीज) आणि निर्यात (जाळ्याला दिलेली सौरवीज) यांतले अंतर. घरचा खरा वापर हवा असेल तर सौरनिर्मितीच्या मीटरचा आकडा घ्यावा, त्यात आयात मिळवावी आणि निर्यात वजा करावी. हे न केल्यामुळे बिल शून्य झाल्याच्या आनंदात दुसरा एसी आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मेमध्ये निर्मिती मार्चपेक्षा घटली तर पॅनल बिघडले असा घाईचा निष्कर्ष काढू नये. पॅनल 25 अंशांवर जेवढी वीज देते त्यातून दर वाढीव अंशामागे साधारण 0.4 टक्का घटतो आणि उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे सहज जातो. आधी धूळ धुऊन पाहावी, तीही पहाटे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. नंतर पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर सरकते ते बघावे.

ओल्या कचऱ्याबद्दल एवढेच: बादलीत दाबून भरलेला कचरा प्राणवायूविना कुजला तर मिथेन तयार होतो, मग तो भांडेवाडीच्या कचराडेपोत असो की आपल्या बाल्कनीत. आंबूस वास येऊ लागला की खत ओले झाले आहे असे समजून सुकी पाने मिसळावीत आणि ते वरखाली करावे. संत्र्याच्या साली गांडूळखतात एकदम टाकू नयेत, थोड्या थोड्या आणि वाळवून टाकाव्यात.

पुढच्या वर्षी तुलना करताना मेची तुलना मेशीच करावी. एखादा उन्हाळा सौम्य गेला आणि कूलर आठवडाभर उशिरा लागला, तर घटलेले युनिट आपल्या खात्यात जमा करू नयेत. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सिलिंडर लावल्याची तारीख, दर महिन्याचे रीडिंग, पेट्रोलचे लिटर आणि कूलर बसवल्याचा व उतरवल्याचा दिवस, एवढ्याच चार रकान्यांत नोंदी होतात.